ड वर्गातली चित्रं

आमचे भाऊजी निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. यातलं त्यांना काहीच नको होतं. त्यांना रेकॉर्ड रूम हवी होती, आणि ती घरी नेता येत नाही म्हणून ते काही दिवस नीट जेवलेसुद्धा नाहीत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शैलजाताईचे यजमान, वसंतराव पोतनीस. राहणार भोर, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे त्यांचं जे काही चालतं ते मला बघावंच लागतं. वेल्ह्याच्या तहसील कचेरीत जुने कागद सांभाळण्यात त्यांची उभी नोकरी गेली. सकाळी भोरहून एसटी, कापूरहोळ, कामथडी, नसरापूर करत वेल्हे, आणि संध्याकाळी तीच वाट उलटी. इतकी वर्षं त्या रस्त्याने गेलेला माणूस, पण तोरणा कुठल्या बाजूला दिसतो असं विचारलंत तर "खिडकीच्या" म्हणून सांगेल. गाडीतही ते मान खाली घालून मनातल्या मनात गठ्ठे लावत असायचे.

मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. म्हणजे बोलून झालेलं आहे, आणि तेही तोंडावर. मेहुणीला तेवढा हक्क असतो. माणूस सरळ आहे, कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त त्यांना जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी गठ्ठ्यात बांधलेली हवी असते. निवृत्तीनंतर पहिल्या महिन्यातच ताईच्या फडताळातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लागल्या. मेतकुटाच्या बरणीवर "प्राप्त" म्हणून तारीख, आणि आंब्याच्या लोणच्यावर "प्रलंबित". लोणचं मुरलं नव्हतं म्हणून. ताई हसली आणि तिने त्यातलं लोणचं काढून वाढलं. ताईचा स्वभावच असा आहे की नवऱ्याने उद्या घराला सील ठोकलं तर ती खिडकीतून विचारेल, चहा टाकू का.

त्यांच्या घरी संगणक आला तो विराजमुळे. विराज त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला असतो. त्याने आपला जुना संगणक आईबाबांना आणून दिला आणि तो दिवाणखान्यात टीव्हीशेजारी बसला. भाऊजींनी पहिलं वर्षभर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ज्याच्या कडेला दोरा ओवता येत नाही त्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता.

ताई मात्र त्याला चिकटली. ताईला चित्रांचा नाद लहानपणापासून. लग्नानंतर भाऊजी कचेरीतून पाठकोरे कागद आणायचे, त्यांच्या मागच्या बाजूला ती काढत बसायची. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी बांधाचा तंटा आणि मागे ताईचं कडुनिंबाचं झाड. तिचा हात पाहून विराजने तिला एक पाटी आणून दिली. पाटीवर पेन फिरवलं की चित्र समोर पडद्यावर उमटतं, अशी. साठी उलटलेल्या बाईने ती पाटी महिन्याभरात आपलीशी केली. दुपारची भांडी झाली की पदर खोचायचा आणि बसायचं.

दीडेक वर्षात तिने आपल्या मुलखाची बारा चित्रं काढली. नीरेचा घाट, आठवडी बाजार, भोरचा एसटी स्टँड, भाताची लावणी, वेल्ह्यात मेंगाईची जत्रा, पावसाळ्यात ढगात अर्धा बुडालेला तोरणा. मी ती पाहिली आहेत. मला चित्रातलं काही कळत नाही, पण बाजाराच्या चित्रापाशी मला चक्क सुक्या बोंबलाचा वास आला होता. ती पूर्ण होऊन वर्ष उलटलं तरी तिने ती कुणाला पाठवली मात्र नाहीत. मोबाईलवर पाठवलं की लोक अंगठा दाखवतात, बघत नाहीत, असं तिचं म्हणणं.

आता या चित्रांची संगणकात काय अवस्था होती तेही सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष भाऊजींच्या माथी जाईल. ताई फाईलला नाव द्यायची ते असं: "झाड". मग "झाड नवीन". मग "झाड नवीन बरं". मग "हेच". मग "हेच पण पाणी". पडद्यावर एवढ्या फाईली पसरलेल्या असायच्या की मागे लावलेला विराजच्या लग्नातला फोटो पार झाकला गेला होता, एका कोपऱ्यात फक्त व्याह्यांचा फेटा दिसायचा. तिला विचारलं, जत्रेचं चित्र कुठंय, की ती म्हणायची, "ते ना, फेट्याच्या खाली, पिवळं दिसतंय बघ." आणि असायचं ते तिथंच. तिला नावांची गरजच नव्हती.

भाऊजी टीव्हीवर बातम्या बघता बघता हे बघायचे आणि आतून जळायचे. कुठल्याही गृहिणीला नवरा कपाटात कपडे कोंबताना दिसला की जे होतं, तेच.

मग सुनेचं, श्रावणीचं बाळंतपण आलं. संक्रांत झाल्यावर ताई पुण्याला गेली ती गणपती उरकूनच परतली. एवढे महिने भाऊजी घरात एकटे. जेवणाचा डबा माझ्याकडून जायचा. एके दिवशी डबा द्यायला गेले तर भाऊजी चष्मा कपाळावर चढवून संगणकासमोर, आणि चेहऱ्यावर नोकरीत असतानाचं तेज.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "दप्तर लावतोय."

पडदा स्वच्छ झाला होता. व्याही सहकुटुंब दिसत होते. आणि डाव्या कडेला सहा फोल्डर, एकाखाली एक, कचेरीत असतात तसे सहा गठ्ठे. त्या फोल्डरांना त्यांनी "रुमाल" असं नाव दिलं होतं, कारण कचेरीत कागद लाल रुमालात बांधतात. रुमाल पहिला, रुमाल दुसरा. ताईच्या "झाड नवीन बरं"चं रूपांतर आता वर्ष, विषय आणि अनुक्रमांक असलेल्या एका आकड्यात झालं होतं.

मला त्यांनी उभ्या उभ्या सगळी पद्धत समजावली. सरकारी कागदाला वर्ग असतो. अ वर्ग म्हणजे कायमचा, जगबुडी झाली तरी जपायचा. ब आणि क म्हणजे काही वर्षं ठेवायचा. आणि ड म्हणजे किरकोळ, वर्षभर ठेवायचा आणि मग नष्ट करायचा. घरातल्या प्रत्येक चित्राला, फोटोला आणि आलेल्या संदेशाला ते वर्ग देत होते. कागद वाचल्याशिवाय वर्ग द्यायचा नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नियम, म्हणून प्रत्येक चित्र उघडून, खालपासून वरपर्यंत बघून, मगच.

मी म्हटलं, "भाऊजी, वरण गार होतंय." माझं चुकलं. मी पुढचं विचारायला हवं होतं, पण मला काय ठाऊक.

मार्चअखेर आली. कचेरीत मार्चअखेरीला मुदत संपलेले कागद नष्ट करतात, म्हणून भाऊजींनी घरातही केले. आणि नियमाप्रमाणे, त्याला घरातल्या दुसऱ्या जबाबदार व्यक्तीची मंजुरी घेतली. पुण्याला फोन करून ताईला विचारलं, "तुझे काही जुने कागद आहेत, मुदत संपलेले. काढून टाकू का?" ताईच्या एका हातात रडणारं बाळ आणि दुसऱ्या हातात गुटीची वाटी. तिला वाटलं रद्दी. ती म्हणाली, "टाका हो काय टाकायचं ते."

गणपतीनंतर ताई भोरला परतली आणि थोड्याच दिवसांत मानसिंगरावांचा फोन आला. मानसिंगराव आमच्या गावातल्या एका पतसंस्थेचे अध्यक्ष. आदल्या दिवाळीत ते फराळाला आले असताना ताईने त्यांना पडद्यावर ती चित्रं दाखवली होती. दाखवली म्हणजे त्यांनी विचारलं म्हणून, आणि तेही चकली खाता खाता. पण माणसाच्या ती डोक्यात राहिली. पतसंस्थेच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर दरवर्षी देवांचे फोटो असतात, या वर्षी तुमची बारा चित्रं छापू, असं ते म्हणाले. प्रत्येक पानावर खाली नाव: शैलजा पोतनीस. छापखान्याला मूळ फाईली लगेच लागतील.

ताई संध्याकाळी माझ्याकडे आली ती चपला न काढताच घरात शिरली. असं तिने आयुष्यात केलेलं नाही. तिचं नाव आजवर छापून आलं होतं ते स्वतःच्या लग्नपत्रिकेत, आणि तिथंही माहेरचं. भोर, वेल्ह्याच्या प्रत्येक दुकानात, दवाखान्यात, घराघरात खिळ्याला तिचं चित्र लटकणार, लोक त्यावर दुधाचे खाडे मांडणार, याचा तिला इतका आनंद झाला होता की ती नुसती माझ्या स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरत होती.

दुसऱ्या दिवशी मीही गेले बघायला. ताई संगणकासमोर बसली, आणि समोर तो स्वच्छ पडदा.

"अहो, माझी चित्रं कुठं गेली?"

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. ते या क्षणाची वाट बघत होते. कागद लावणाऱ्याचं खरं सुख कागद लावण्यात नसतं, कुणीतरी मागायला येण्यात असतं.

"विषय सांग," ते म्हणाले.

"चित्रं."

"कसली? कोणत्या वर्षाची? नुसतं चित्रं म्हणून दप्तर निघत नाही."

"अहो, ते पिवळं होतं ना, फेट्याखाली."

"पिवळं हा विषय होत नाही, शैला."

मग भाऊजी स्वतः बसले. रुमाल उघडत गेले. अ वर्गाचा रुमाल उघडला आणि पडदाभर गुलाब फुलले. दवबिंदू पडलेले गुलाब, कपातून वाफ निघणारा चहा, उगवता सूर्य, आणि सगळ्यांवर "शुभ सकाळ". खाली खाली जावं तरी संपेचनात. त्यांचे जुने तहसीलदार, आता निवृत्त, रोज सकाळी मोबाईलवर सगळ्या जुन्या माणसांना एक चित्र पाठवतात. भाऊजी रोज मोबाईल संगणकाला जोडून ते दाखल करून घेत होते.

"हे कायम ठेवलंत?" ताईने विचारलं.

"वरिष्ठांकडून आलेलं आहे," भाऊजी म्हणाले. "ते अ वर्गातच जातं."

मग ड वर्गाचा रुमाल उघडला. आत काहीच नव्हतं. भाऊजींनी तारखा आठवल्या, मान हलवली आणि ज्या आवाजात त्यांनी हजारदा कुणाकुणाला सांगितलं असेल त्याच आवाजात सांगितलं, "मुदत संपली होती. मार्चला नष्ट केली. तुझी मंजुरी घेतलेली आहे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"ड मध्ये का घातलीत?" ताईने विचारलं.

"आवक नव्हती ना. कुणाकडून आलेली नाहीत, कुणाला गेलेली नाहीत. घरातलाच कच्चा मसुदा म्हटला की ड." हे बोलता बोलता मात्र त्यांचा आवाज खाली आला. नियम म्हणून जे सरळ वाटलं होतं ते बायकोच्या तोंडाकडे बघत म्हणणं त्यांना जमेना.

मला जमलं. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ताई मात्र उठून आत गेली आणि तिने भाजी निवडायला घेतली. मेथीची जुडी होती. तिने काड्या परातीत टाकल्या आणि पानं केरात, आणि तिला ते कळलंही नाही.

एसटी स्टँडजवळ अमृतचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. भाऊजी आणि मी रिक्षात संगणकाचा डबा मांडीवर घेऊन तिथं गेलो. भाऊजींनी तो असा धरला होता की लोकांना वाटावं आत कुणाच्या तरी अस्थी आहेत. अमृतने तो उघडला, काय काय जोडलं आणि म्हणाला, "काका, पुसलेलं लगेच जात नसतं. ती जागा रिकामी आहे असं मशीन नुसतं म्हणतं. नवीन काही आलं की ते तिथं जाऊन बसतं. मार्चनंतर तुमी जास्त काही टाकलं नसेल तर सापडंल."

मीच सांगितलं, "गुलाब टाकले. रोज."

दोन दिवसांनी अमृतने जे सापडलं ते दाखवलं. एका फाईलीत वर बोटभर आभाळ होतं, ताईचं, तो रंग मी ओळखला, आणि त्याखाली नुसता करडा पट्टा. दुसरीत एका झाडाचा शेंडा. बाकीच्या उघडल्याच नाहीत. "खालच्या जागेवर दुसरं कायतरी बसलंय," तो म्हणाला. काय बसलंय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. परतताना भाऊजी रिक्षात एकच वाक्य बोलले. "मी प्रत्येक चित्र बघितलं होतं हो."

घरी आल्यावर त्यांनी तेच ताईला सांगितलं. कदाचित त्यांना ते मंजुरीपेक्षा चांगलं कारण वाटलं असेल. ताई ओट्याशी उभी होती. ती वळली.

"बघितलंत ना? मग सांगा, काय होतं त्यात."

आणि भाऊजींनी सांगितलं. मी थक्क झाले. त्या माणसाने एकेक चित्र पंचनाम्यासारखं म्हणून दाखवलं. एसटी स्टँड: उजव्या हाताला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, त्याच्या चाकाला घुंगरं, गाडीवर भोर वेल्हे अशी पाटी, पाटीतला ल्हे थोडा वाकडा, बाकावर दोन बायका, एकीच्या मांडीवर कोंबडी. घाट: धुणं आपटणारी बाई, पाण्यात तिचं प्रतिबिंब, पण प्रतिबिंबात बांगड्या दाखवलेल्या नाहीत, ही त्रुटी. जत्रा: पाळणा, रेवड्यांची पाटी, हरवलेलं एक पोर. काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं. कुणी तिची चित्रं इतकी निरखून बघितली असतील असं तिला वाटलंच नव्हतं.

"आणखी?" ती म्हणाली. "स्टँडवर आणखी कोण होतं?"

"आणखी एक इसम. पाठमोरा, हातात पिशवी. गाडीची वाट बघतोय."

"आणि घाटावर?"

"घाटावरही एक इसम आहे. पाठमोराच." भाऊजी थांबले. "खरं म्हणजे प्रत्येक चित्रात आहे तो. बाजारात आहे, जत्रेत आहे. तोरण्याच्या चित्रात तर एकटाच उभा आहे. ओळख पटत नाही."

मी ताईकडे बघितलं. ती काही बोलणार नाही हे दिसत होतं, म्हणून मीच बोलले. "भाऊजी, ते तुम्ही आहात."

त्यांना आधी ते पटेना. माझा खांदा असा पडलेला नाही म्हणाले. मग आत गेले, कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले आणि मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करू लागले. मला हसू आलं, आणि हसताना वाईटही वाटलं. भोरमधलं शेंबडं पोरसुद्धा ती पाठ ओळखेल. आयुष्यभर गठ्ठे उचलून एका बाजूला कललेली. रोज सकाळी ती ताईला खिडकीतून स्टँडकडे जाताना दिसायची, संध्याकाळी परतताना चेहरा दिसायचा, पण तोवर तो इतका दमलेला असायचा की त्यात काढण्यासारखं काही उरत नसे.

ताईने पुन्हा चित्रं काढायला घेतली. मानसिंगरावांनी छापखान्याला थोपवून धरलं. संगणकाला तिने परवलीचा शब्द घातला आणि भाऊजींना दिवाणखान्यात यायला मनाई केली. टीव्ही बंद. भाऊजी मागच्या पडवीत बसून पेपर वाचायचे आणि मधूनमधून चहा करून दारात ठेवायचे. चहा ते वाईट करतात, पण ताई प्यायची. दिवाळीचा फराळ त्या वर्षी मी केला आणि कुणी त्याची स्तुती केली नाही.

कॅलेंडर छान निघालं. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. प्रत्येक पानावर खाली नाव, ठसठशीत. आमच्या किराणावाल्याने ते गल्ल्यामागे लावलं आणि ताईला म्हणाला, वहिनी, ही तर आमचीच गल्ली. ताई तीन दिवस कारण नसताना किराणा आणत होती.

भाऊजींना घरची प्रत मिळाली. त्यांनी ती जेवणाच्या टेबलावर पसरली, चष्मा पुसला आणि जानेवारीपासून सुरुवात केली. मी समोरच होते. गुऱ्हाळ होतं, घुंगरं होती, कोंबडी होती. घाटावरच्या बाईच्या प्रतिबिंबात आता बांगड्याही होत्या. डिसेंबरपर्यंत जाऊन ते परत जानेवारीला आले, आणि पुन्हा एकदा डिसेंबरपर्यंत गेले. मग कॅलेंडर गुंडाळून ठेवलं. पाठमोरा इसम एकाही चित्रात नव्हता.

जानेवारीत मी इंद्रायणी तांदूळ आणायला वेल्ह्याला निघाले. गेनबाकडचा तांदूळ आम्ही दरवर्षी घेतो. गेनबा भाऊजींच्या कचेरीत शिपाई होता, आता शेती बघतो. भाऊजी म्हणाले, मीही येतो. त्यांच्या पिशवीत कॅलेंडरच्या गुंडाळ्या होत्या. गाडीत ते या वेळी खिडकीपाशी बसले आणि नसरापूर सोडल्यापासून बाहेर बघत राहिले.

गेनबाच्या ओसरीवर त्यांनी कॅलेंडर उलगडलं. फुलाबाई, गेनबाची बायको, पदराला हात पुसत बघायला आली.

"वहिनीसायबांनी काढलं व्हय? लई भारी," गेनबा म्हणाला. "ही आपली जत्रा की. आन ह्यो तोरना."

भाऊजींनी तोरण्याच्या चित्रात वाटेच्या कडेला बोट ठेवलं. तिथं गवत होतं. "इथं मी होतो," ते म्हणाले.

गेनबाने डोळे बारीक करून बघितलं. "हितं कोन न्हाई, सायेब."

"आता नाही. आधी होतो." त्यांनी पान उलटलं आणि स्टँडवरच्या रिकाम्या फरशीवर बोट ठेवलं. "इथंही होतो. सगळीकडे होतो. मीच मला काढून टाकलं."

असं त्यांनी बाराही पानं दाखवली. कुठं कुठं आपण होतो ते. गेनबाला सगळं कळलं की नाही देव जाणे, पण त्याला एवढं कळलं की सायबांचं काहीतरी बिनसलं आहे. तो म्हणाला, "मग वहिनीसायबांना म्हनावं, परत काडा. त्यात काय येवडं?"

"म्हणालो मी," भाऊजी म्हणाले. "ती म्हणाली, मागून कसे दिसता ते आता आठवत नाही."

फुलाबाईने चहा आणला. भाऊजींकडे बघून ती त्यांच्या कपात साखर आणखी घालून गेली. मला त्या माणसाची इतकी दया आली की मी माझ्या बहिणीवर चिडले, आणि मग लगेच स्वतःवर, कारण तिच्या जागी मी असते तर चित्रांबरोबर संगणकही त्यांच्या डोक्यात घातला असता.

परतीच्या गाडीला वेळ होता. गेनबाने तांदळाचं पोतं एका टेम्पोत घालून स्टँडवर पाठवलं होतं आणि आम्ही चालत निघालो. भाऊजी पुढे, मी मागे. समोर तोरणा, ऊन कलतं. एक खांदा खाली, पिशवी हातात, त्यांच्या त्या कधीच न बदलणाऱ्या चालीत. मी थांबले, मोबाईल काढला आणि त्यांचा पाठमोरा फोटो काढून ताईला पाठवला. काही लिहिलं नाही.

स्टँडपर्यंत पोचलो तरी उत्तर नव्हतं. तिने बघितलंय एवढं दिसत होतं. मी पोतं तपासलं, गाडीची चौकशी केली. मग मोबाईल वाजला.

ताईने लिहिलं होतं, "पिशवी उजव्या हातात का दिलीस? डाव्या हातात असते त्यांच्या. परत काढ."

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. भाऊजी स्टँडच्या बाकापाशी पाटीवरच्या गाड्यांच्या वेळा वाचत उभे होते.

"भाऊजी," मी म्हणाले, "पिशवी डाव्या हातात घ्या."

"का?"

"ताई म्हणतेय."

त्यांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. पिशवी डाव्या हातात घेतली. आणि मी काही सांगायच्या आत माझ्याकडे पाठ करून, तोरण्याकडे तोंड करून, अगदी हलायचं नाही असं ठरवून उभे राहिले.